घरातल्या सीडी कॉम्प्युटरवर कशा घ्याव्यात: मोफत सॉफ्टवेअर आणि नीट पद्धत

नाट्यगीतं, अभंग, शास्त्रीय गायनाच्या मैफली, कथाकथन, गावातल्या सप्ताहातलं कीर्तन, शाळेच्या स्नेहसंमेलनाची कुणीतरी बर्न करून दिलेली डिस्क. अशा सीडींचा गठ्ठा अजूनही पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. वाजवायचा प्लेअर मात्र बंद पडलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. लोकप्रिय गाणी स्ट्रीमिंगवर मिळतात. लहान प्रकाशकांनी थोड्या प्रती काढलेल्या सीडी आणि घरगुती रेकॉर्डिंग तिथे सापडेलच असं नाही. त्या डिस्कवरचा आवाज हीच बहुतेकदा त्याची शेवटची प्रत असते.

म्हणून हे काम घाईने करू नका. सीडी एकदाच वाचायची, पण अशी की पुन्हा वाचायची वेळ येऊ नये. त्यातून एक मूळ प्रत तयार करायची. मग मोबाइलसाठी, गाडीसाठी, परदेशातल्या नातेवाइकांसाठी लागतील तशा लहान फाइल त्या मूळ प्रतीवरून बनवायच्या. पुढे जे सांगितलं आहे ते या क्रमाने आहे. लागणारं सगळं सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी मोफत आहे.

आधी डिस्क ओळखा

दिसायला सगळ्या सीडी सारख्याच असतात, पण आत तीन वेगळे प्रकार असू शकतात. डिस्क ड्राइव्हमध्ये घाला आणि विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये उघडून बघा.

'ट्रॅक ०१ डॉट सीडीए', 'ट्रॅक ०२ डॉट सीडीए' अशा फाइल दिसल्या तर ती ऑडिओ सीडी आहे. बरेच जण या फाइल कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवतात आणि सीडी बाहेर काढल्यावर त्या वाजत नाहीत म्हणून बुचकळ्यात पडतात. त्या फाइलींमध्ये गाणं नसतंच. प्रत्येक फाइल जेमतेम ४४ बाइटची असते आणि ट्रॅक कुठे सुरू होतो व किती लांब आहे एवढंच तीत लिहिलेलं असतं. ऑडिओ सीडीवर आपल्याला माहीत असलेल्या अर्थाने फाइल नसतातच. आतून बाहेर जाणाऱ्या एका लांबलचक सर्पिल रेषेवर आवाजाचे आकडे ओळीने कोरलेले असतात. ते वाचून त्यांची फाइल बनवणं म्हणजे रिप करणं.

एमपी३ फाइल थेट दिसल्या तर ती डेटा सीडी आहे. एकाच डिस्कवर पन्नास-शंभर गाणी असलेल्या सीडी आपल्याकडे भरपूर विकल्या गेल्या, त्या या प्रकारच्या. त्या रिप करायच्या नसतात. फोल्डर उचलून हार्ड डिस्कवर कॉपी करा, काम संपलं. त्यांचा दर्जा जो आहे तो आहे, कुठल्याही सॉफ्टवेअरने तो वाढत नाही.

तिसरा प्रकार व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ असलेली सीडी. डिस्कवर 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर आणि त्यात 'डॉट डॅट' फाइल दिसतील. मराठी नाटकं, कीर्तनं, एकपात्री प्रयोग अशा डिस्कवर बरेच आले. डॅट फाइल विंडोजवर तशाच कॉपी करून ठेवा, व्हीएलसी प्लेअरमध्ये त्या वाजतात. फक्त आवाज हवा असेल तर व्हीएलसीच्या 'मीडिया' मेनूत 'कन्व्हर्ट / सेव्ह' आहे, तिथे ऑडिओचं प्रोफाइल निवडायचं. व्हीसीडीतला आवाज मुळातच २२४ केबीपीएसला (सेकंदाला २२४ किलोबिट) दाबलेला असतो. त्यामुळे ऐकण्यासाठी एमपी३ काढली तरी मूळ डॅट फाइल पुसू नका.

यापुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे ऑडिओ सीडीबद्दल आहे.

ड्राइव्ह आणि डिस्कची सफाई

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतो. तो लॅपटॉपच्या पोर्टलाच लावा. एका पोर्टची चार पोर्ट करणाऱ्या हबमधून लावला तर वीज कमी पडते आणि डिस्क मध्येच थांबते. कुणाकडे जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यातला मोठा ड्राइव्हही जपून ठेवा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह बिनतक्रार वाचतो, असं पुष्कळदा होतं.

डिस्क पुसताना मऊ, स्वच्छ सुती कापड घ्या आणि मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. यामागे कारण आहे. सीडीत चुका दुरुस्त करण्याची सोय मुळातच आहे. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा भाग सलग वाचता आला नाही, तरी हरवलेले आकडे तंतोतंत परत मिळवता येतात. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा सर्पिल रेषेला फक्त छेदतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात थोडंसंच नुकसान होतं. गोल ओरखडा मात्र रेषेच्या बाजूने धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. गोल पुसताना असाच ओरखडा पडण्याची भीती असते.

चिकट डाग किंवा पावसाळ्यात धरलेली बुरशी असेल तर डिस्टिल्ड वॉटर किंवा औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, फरशी पुसायचं लिक्विड यांतलं काही लावू नका. टूथपेस्टने घासायचा सल्ला सगळीकडे दिला जातो. निदान दुसरी प्रत मिळणार नाही अशा डिस्कवर तरी तो प्रयोग करू नका.

चमकती बाजू सगळे जपतात, पण खरी नाजूक बाजू वरची, छापील बाजू असते. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट आहे, तर वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि त्यावर लाखेचा पातळ थर. त्या बाजूला खोल ओरखडा गेला की पापुद्राच निघून येतो आणि तेवढा आवाज कायमचा जातो. सीडी उजेडाकडे धरून बघा. आरपार प्रकाशाचे ठिपके दिसले तर त्या जागी पापुद्रा गेलेला आहे. अशी डिस्क गठ्ठ्यात सगळ्यात आधी रिप करायला घ्या.

तिच्याबरोबरीनेच घरी किंवा दुकानात बर्न केलेल्या सीडी-आर घ्या. कंपनीने छापलेल्या सीडीत आकडे साच्याने दाबलेले असतात. बर्न केलेल्या डिस्कमध्ये ते रंगद्रव्याच्या थरात असतात, आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो थर खराब होतो. कोकणात किंवा गोव्यात वीस वर्षं भिंतीतल्या कपाटात राहिलेली सीडी-आर अजून वाचता येत असेल, तर उद्यावर टाकू नका.

कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचं

मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला दुसरा कुठलाही पर्याय सुचवावासा मला वाटत नाही.

ऑडिओ सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा. हे जसंच्या तसं वेव्ह फाइलमध्ये ठेवलं तर मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी लागतात, म्हणजे तासाभराच्या सीडीला ६३० एमबीच्या आसपास. फ्लॅक हीच माहिती एकही आकडा न गमावता साधारण निम्म्या ते पाऊण जागेत बसवतो, आणि उलगडली की मूळ आवाज बिट न बिट परत मिळतो. फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ मध्ये आली. ते खुलं आहे, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, आणि २०२४ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याचं अधिकृत मानकही प्रसिद्ध केलं. वीस-तीस वर्षं टिकवायच्या गोष्टीसाठी हे महत्त्वाचं आहे. शिवाय वेव्हमध्ये गायक, राग, साथीदार ही माहिती नीट लिहायची खात्रीची सोय नाही, फ्लॅकमध्ये आहे.

फ्लॅकच्या सेटिंगमध्ये शून्य ते आठ अशा पातळ्या दिसतील. त्या दर्जाच्या नाहीत. आवाज सगळ्यांत तोच राहतो, फक्त दाबायला वेळ किती लागतो आणि फाइल किती लहान होते ते बदलतं. मुळात पाच असते, ती तशीच राहू द्या.

एमपी३, एएसी, ओपस हे फॉरमॅट कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग टाकून देऊन फाइल लहान करतात. ऐकण्यासाठी ते उत्तम आहेत, जतनासाठी नाहीत. टाकलेला भाग परत मिळत नाही. एमपी३ची पुन्हा एमपी३ केली तर झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं. एमपी३चं फ्लॅक केलं तर फाइल मोठी होते, आवाज तोच राहतो.

फ्रीॲक: सुरुवात इथून करा

फ्रीॲक हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि सीडी रिप करणं व फाइल कन्व्हर्ट करणं दोन्ही त्यात होतं. इंग्रजीत त्याचं नाव एफ-आर-ई, मग कोलन, मग ए-सी असं लिहितात. ते त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, पत्त्यात कोलन गाळून फ्रीॲक डॉट ओआरजी. शोधताना वर येणाऱ्या जाहिरातींतली 'डाउनलोड' लिहिलेली मोठी रंगीत बटणं टाळा. त्यांच्यासोबत नको ती सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर येऊन बसतात.

पहिल्यांदा उघडल्यावर सीडी घालण्याआधी 'ऑप्शन्स' मेनूतल्या 'जनरल सेटिंग्ज'मध्ये जा आणि या गोष्टी ठरवून टाका.

एन्कोडर (आवाजाची फाइल बनवणारा भाग) म्हणून फ्लॅक निवडा.

फाइल कुठे जाणार तो फोल्डर निवडा. 'मूळ सीडी' असा एक स्वतंत्र फोल्डर करा आणि मोबाइलसाठीच्या लहान फाइल त्यात कधीही मिसळू नका.

फाइलच्या नावाचा साचा ठरवा: कलाकाराचा फोल्डर, त्यात अल्बमचा फोल्डर, त्यात ट्रॅकचा क्रमांक आणि नाव. क्रमांक दोन आकडी हवा, म्हणजे दहावा ट्रॅक पहिल्यानंतर लगेच येणार नाही. क्रमांकापुरते इंग्रजी आकडे वापरा, कारण गाडीतले जुने प्लेअर देवनागरी आकड्यांचा क्रम नीट लावतीलच असं नाही.

सीडी वाचण्याशी संबंधित पानावर 'सीडी पॅरानॉइया' नावाची सोय आहे, ती चालू करा. नावाप्रमाणेच ती ड्राइव्हवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. एकमेकांवर येणारे तुकडे परत वाचून ते जुळतात का ते तपासते. यामुळे वेळ वाढतो, आणि तो वाढू द्यायला हवा. गाण्याच्या फाइलपेक्षा ऑडिओ सीडी वाचणं अवघड असतं. डेटा सीडीत चुका दुरुस्त करणारा आणखी एक थर असतो, ऑडिओ सीडीत तो नसतो. काही वाचता आलं नाही तर ड्राइव्ह आजूबाजूचे आकडे बघून अंदाजाने जागा भरतो आणि पुढे जातो. कधी ते कळत नाही, कधी तानेच्या मध्येच 'टिक्' असा आवाज राहतो.

आवाज एकसारखा करणारे 'नॉर्मलाइज' वगैरे पर्याय इथे चालू करू नका. मूळ प्रतीत आपला हात लागायला नको. आवाजाची पातळी नंतर 'रीप्लेगेन'ने सांभाळता येते. ते आवाजाला हात न लावता फक्त टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीत, नोंद करतं.

आता सीडी घाला. 'फाइल' मेनूतल्या 'ॲड'मधून 'ऑडिओ सीडी कंटेंट्स' निवडा म्हणजे ट्रॅकची यादी येईल. 'डेटाबेस' मेनूतून ऑनलाइन शोध घेतला की सीडीचं नाव आणि गाण्यांची नावं आपोआप भरली जाऊ शकतात. हिंदी चित्रपटांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या सीडींची नावं बरेचदा मिळतात. मराठी सीडीच्या बाबतीत काहीच न मिळणं, चुकीचं मिळणं किंवा रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं मिळणं, तिन्ही शक्य आहे. अशा वेळी नावं हाताने भरा. दहा-बारा ट्रॅकना पाच-दहा मिनिटं लागतात. मग 'एन्कोड' मेनूतून 'स्टार्ट एन्कोडिंग' करा.

स्वच्छ सीडीला काही मिनिटं पुरतात. ओरखडलेली सीडी तासभरही घेऊ शकते. तेवढ्यात तिच्या वेष्टनाचा फोटो काढून घ्या. त्याबद्दल पुढे.

रिप झालं की प्रत्येक ट्रॅकची सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐका. शेवटच्या ट्रॅककडे जास्त लक्ष द्या. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे भरगच्च डिस्कचे शेवटचे ट्रॅक कडेजवळ असतात आणि बोटांचे ठसे व ओरखडे तिथेच जास्त पडलेले असतात.

ओरखडलेल्या आणि दुर्मीळ सीडीसाठी: एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी

विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे जुनं आणि अतिशय विश्वासू साधन आहे. घरगुती वापरासाठी ते मोफत आहे, पण त्याचा सोर्स कोड खुला नाही. त्याचं रूप जुनाट आहे आणि सेटिंग्ज बघून नवखा माणूस घाबरू शकतो. पहिल्यांदा चालवल्यावर ते स्वतःच ड्राइव्हची तपासणी करून सेटिंग्ज सुचवतं. ती स्वीकारा आणि वेगापेक्षा अचूकता महत्त्वाची असं विचारेल तिथे अचूकता निवडा. त्याच्या 'सिक्युअर मोड'मध्ये प्रत्येक भाग किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वेळा एकच आलं नाही तर तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून बहुमताने निकाल लावला जातो.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटी मिळणारा अहवाल. कुठल्या ट्रॅकमध्ये कितव्या सेकंदाला शंका आहे ते त्यात लिहिलेलं असतं. मग तो सेकंद ऐकून बघता येतो. हा अहवाल फ्लॅक फाइलींच्या शेजारीच जपून ठेवा. दहा वर्षांनी कुणी विचारलं की ही प्रत नीट आहे का, तर उत्तर तिथे असेल.

या सॉफ्टवेअरला 'ॲक्युरेटरिप' नावाच्या डेटाबेसची जोड देता येते. जगभरातल्या लोकांनी तीच सीडी रिप केल्यावर आलेली बेरीज (चेकसम, म्हणजे ट्रॅकच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली पडताळणीची संख्या) तिथे साठवलेली असते. तुमची बेरीज तिच्याशी जुळली तर तुमची प्रत अचूक आहे याची जवळपास खात्रीच. पण पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या लहान प्रकाशकाची सीडी तुमच्याआधी कुणी त्यात नोंदवलेली नसेल तर उत्तर येईल 'डेटाबेसमध्ये नाही'. त्याचा अर्थ तुमची प्रत चुकीची आहे असा होत नाही. अशा वेळी 'टेस्ट अँड कॉपी' वापरा. ते ट्रॅक एकदा तपासणीसाठी आणि एकदा कॉपीसाठी असा दोनदा वाचतं आणि दोन्ही बेरजा शेजारी दाखवतं. दोन्ही सारख्या असतील तर निश्चिंत राहा. आणखी खात्री हवी असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा त्याच सीडीच्या नातेवाइकांकडच्या प्रतीवरून पुन्हा करून बघा. एकाच सीडीच्या दोन प्रती मिळणं ही चैन वाटेल, पण एका प्रतीतला खराब ट्रॅक दुसरीतून घेऊन पूर्ण सीडी वाचवता येते.

मॅकवर याच तोडीचं मोफत साधन म्हणजे एक्सएलडी. लिनक्सवर साध्या खिडकीत काम करायचं असेल तर असंडर किंवा साउंड ज्यूसर, आणि टर्मिनलची सवय असेल तर व्हिपर किंवा एबीसीडीई. विंडोज मीडिया प्लेअरही सीडी रिप करतो आणि घाईच्या वेळी चालून जातो, पण कुठे चूक झाली ते तो सांगत नाही. त्याच्या जुन्या आवृत्त्या मुळात डब्ल्यूएमए फाइल बनवत आणि त्यांत कॉपी-प्रोटेक्शनचा पर्याय असे. जुन्या कॉम्प्युटरवर अशा कुलूपबंद फाइल सापडल्या तर त्या सोडवण्यात वेळ घालवू नका, सीडी हातात असेल तर नव्याने रिप करा.

नावं, टॅग आणि वेष्टन

रिप करणं हे निम्मं काम. दोनशे फाइलींचं नाव 'ट्रॅक ०१' असेल तर त्या असून नसल्यासारख्याच. टॅग म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली माहिती: गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, वर्ष. विंडोजवर एमपी३टॅग, आणि सगळीकडे चालणारी किड३ व म्युझिकब्रेन्झ पिकार्ड ही मोफत साधनं त्यासाठी आहेत. एमपी३टॅगच्या नावात एमपी३ असलं तरी ते फ्लॅकही उत्तम हाताळतं. संपूर्ण अल्बम एकदम निवडून कलाकाराचं नाव एकदाच भरता येतं.

नावं देवनागरीत लिहा, असं माझं ठाम मत आहे. रोमन लिपीत एकच शब्द चार जण चार प्रकारे लिहितात आणि मग शोधताना काहीच सापडत नाही. फ्लॅकचे टॅग मुळातच युनिकोडमध्ये असतात, त्यामुळे तिथे अडचण नाही. एमपी३ फाइल बनवताना मात्र आयडी३ची (एमपी३मध्ये टॅग लिहायच्या पद्धतीची) २.३ ही आवृत्ती आणि यूटीएफ-१६ हा पर्याय निवडा, जुन्या उपकरणांना ती जास्त चांगली समजते. आयडी३ची पहिली आवृत्ती बंद ठेवा. तीत नावाला फक्त ३० अक्षरांची जागा होती आणि देवनागरीची सोय नव्हती. गाडीच्या पडद्यावर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येण्याचं ते एक कारण असतं. गाडीच्या प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नसेल तर चौकोन दिसतील. तेवढ्या पेन ड्राइव्हपुरती रोमन नावांची वेगळी प्रत करा, मूळ प्रतीला हात लावू नका.

देवनागरीत लिहिताना एकसारखेपणा सांभाळा. 'ॲ' हे अक्षर कॉम्प्युटरवर दोन प्रकारे साठवलं जाऊ शकतं: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा 'अ' आणि त्यावर चंद्र असं जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतो. म्हणून सगळीकडे एकच कीबोर्ड वापरा. तसंच 'पं.', 'पंडित' आणि काहीच न लावलेलं, अशी एकाच गायकाची तीन नावं झाली तर तीन वेगळे कलाकार तयार होतात. कलाकाराच्या रकान्यात फक्त नाव आणि आडनाव लिहावं. हा अनादर नाही, यादी नीट लागावी एवढ्यासाठी.

आपल्या संगीताला टॅगमधले ठरावीक रकाने पुरत नाहीत. संगीतकाराला 'कंपोझर' आणि गीतकाराला 'लिरिसिस्ट' हे रकाने आहेत. राग, ताल, तबल्याची आणि हार्मोनियमची साथ, मैफलीचं गाव आणि तारीख यांच्यासाठी एमपी३टॅगमध्ये स्वतःचे रकाने जोडता येतात. ते जमलं नाही तर 'कॉमेंट'मध्ये एका ओळीत लिहा. साथीदारांची नावं बहुतेक वेळा फक्त सीडीच्या आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेली असतात. तो कागद हरवला की ती नावंही जातात. म्हणून कागदाच्या प्रत्येक पानाचा स्वच्छ उजेडात सरळ फोटो काढा किंवा स्कॅन करा आणि तो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मुखपृष्ठाचा फोटो लहान करून टॅगमध्येही घालता येतो.

घरगुती रेकॉर्डिंगच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. डिस्कवर मार्करने लिहिलेल्या अक्षरांचाही फोटो काढा. कोण गातंय, कुणाच्या घरी, साधारण कोणत्या साली, हे सांगणारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून फाइलमध्ये लिहून ठेवा.

लहान फाइल बनवणं

आता फ्रीॲक पुन्हा उघडा, फ्लॅक फाइल त्याच्या यादीत ओढून टाका, एन्कोडर बदला, फोल्डर वेगळा निवडा आणि सुरू करा. टॅग आपोआप नव्या फाइलमध्ये जातात. विंडोजवर फूबार २००० हा प्लेअरही हे काम फार सुरेख करतो. मोठमोठे फोल्डर एकदम कन्व्हर्ट करायचे असतील तर मी तोच सुचवेन.

कुठेही वाजायला हवं असेल तर एमपी३. एमपी३ची पेटंट आणि परवान्याची भानगड २०१७ मध्ये संपली, त्यामुळे 'लेम' हा मोफत एन्कोडर आता सगळीकडे आधीच बसवलेला असतो. त्यात ठरावीक बिटरेटऐवजी (बिटरेट म्हणजे सेकंदाला किती बिट वापरायचे) बदलता बिटरेट निवडा आणि दर्जा 'व्ही२' ठेवा, सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास येते. तासाभराच्या सीडीची जेमतेम ८५ एमबी. जागेची चिंता नसेल तर 'व्ही०'. १२८ केबीपीएसच्या जुन्या सवयीवर मात्र जाऊ नका. टाळ, चिपळ्या, घुंगरू, तबल्याच्या किनारीवरचा बोल, असे अचानक उमटणारे तीक्ष्ण आवाज कमी बिटरेटला सगळ्यात आधी बिघडतात. आघाताच्या क्षणभर आधीच एक फुसफुसता आवाज येतो आणि धार जाते. चांगल्या हेडफोनवर भजनातले टाळ ऐकलेत तर फरक लगेच कळेल.

फोन अँड्रॉइडचा असेल तर ओपस वापरून बघा. हा २०१२ मध्ये आलेला खुला फॉरमॅट आहे आणि १२८ केबीपीएसलाच संगीत फार छान ठेवतो. कीर्तन, व्याख्यान, कथाकथन अशा बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ३२ ते ४८ केबीपीएसही पुरतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवरून किंवा ईमेलने पाठवणं सोपं जातं. आयफोनच्या म्युझिक ॲपमध्ये फ्लॅक घेता येत नाही. तिथे मूळ दर्जा हवा असेल तर ॲपल लॉसलेसमध्ये कन्व्हर्ट करा. तोही काहीच गमावत नाही आणि नंतर परत फ्लॅक करता येतं.

शास्त्रीय मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत असे वेगळे ट्रॅक असतात, पण गाणं मध्ये थांबलेलं नसतं. एमपी३च्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता जोडली जाते, त्यामुळे द्रुत सुरू होताना खटका बसतो. लेम त्या शांततेची लांबी फाइलमध्ये लिहून ठेवतं, पण ती वाचून अंतर काढून टाकणं प्लेअरवर अवलंबून असतं. फ्लॅक आणि ओपसमध्ये हा त्रास फार कमी. पेन ड्राइव्हवर एमपी३च लागत असेल तर असे दोन ट्रॅक आधी जोडून एकच फाइल करा. फ्रीॲकमध्ये यादीतले ट्रॅक एकाच फाइलमध्ये काढायची सोय आहे.

कुणी तुम्हाला 'ओरिजिनल फ्लॅक' म्हणून फाइल दिली आणि शंका आली तर स्पेक हे छोटंसं मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र काढतं. १२८च्या एमपी३वरून फुगवलेल्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या वर सरळ कापल्यासारखी काळी पट्टी दिसते. अर्थात १९५०-६०च्या ध्वनिमुद्रणात एवढे वरचे स्वर मुळातच नसू शकतात, तेव्हा जुन्या गाण्यांच्या बाबतीत चित्र बघून लगेच निकाल देऊ नका.

कायदा आणि बॅकअप

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला मुभा देतं. स्वतःच्या सीडीची स्वतःला ऐकण्यासाठी प्रत ठेवणं यातून समजून घेता येतं. ती सार्वजनिक ठिकाणी चढवणं किंवा प्रती विकणं ही वेगळी गोष्ट. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि गीत व संगीत यांचे हक्क त्याहून वेगळे मोजले जातात. दुर्मीळ मैफल सगळ्यांनी ऐकावी असं मनापासून वाटणं मी समजू शकतो, तरी चढवण्याआधी कलाकाराच्या कुटुंबाला किंवा प्रकाशकाला विचारा.

बॅकअपसाठी हिशेब सोपा आहे. तासाभराच्या सीडीचं फ्लॅक साधारण ३५० एमबी धरलं तर एक टीबीच्या डिस्कवर अडीच हजारांहून जास्त सीडी बसतात. म्हणजे जागेसाठी दर्जा कमी करायचं कारण उरलेलं नाही. दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्हींवर सगळं ठेवा आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवायला द्या, म्हणजे पाणी शिरलं किंवा चोरी झाली तरी एक प्रत राहील. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाची एक बेरीज आतच लिहिलेली असते, त्यामुळे वर्षातून एकदा दोन्ही डिस्क लावून फूबार २००० च्या फाइल तपासणाऱ्या जोडणीने सगळ्या फाइल तपासून घ्या. एखादी खराब निघाली तर दुसऱ्या डिस्कवरून बदला. दोन्हींवर खराब असेल तर सीडी पुन्हा काढायची, म्हणून रिप झालेल्या सीडी टाकून देऊ नका. उन्हापासून लांब, कोरड्या जागी, डबीत उभ्या ठेवा.